रत्नागिरीत मुक्काम: खोली कुठे घ्यायची, भरती कशी काढायची आणि कुठल्या वेळी कुठे जायचं

रत्नागिरी शहर दोन मजली आहे. वरचा मजला सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर: मारुती मंदिर, थिबा राजवाडा, नाचणे रोड आणि पार रेल्वे स्टेशनापर्यंत कुवारबाव. खालचा मजला पाण्याला लागून: मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, मिऱ्या. एसटी स्टँड, जयस्तंभ, राम आळी, गोखले नाका ही बाजारपेठ मधल्या उतारावर. नकाशात जेमतेम दोन किलोमीटर दिसणारं अंतर पिशव्या घेऊन भर दुपारी चढायला लागलं की मग कळतं आपण खोली कुठे घेतली ते. त्यामुळे निवास शोधताना नुसतं अंतर बघू नका, तो कुठल्या मजल्यावर आहे ते आधी विचारा.

स्वतःची गाडी नसेल तर मारुती मंदिर ते जयस्तंभ या पट्ट्यात राहावं. रिक्षा मिळते, खाण्याच्या जागा आहेत, रात्री उशिरा औषधाचं दुकान शोधायची वेळ आली तरी अडत नाही. समुद्र दिसत नाही, पण रिक्षाने लगेच गाठता येतो. चालत समुद्रावर जायचं असेल तर मांडवी. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी वळवताना घाम फुटतो, आणि वारा मिरकरवाड्याकडून असला तर मासळीचा वास खोलीत येणारच. बंदराशेजारी राहताना त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. शांतता हवी असेल तर खाडीचा पूल ओलांडून भाट्ये. सुरूचं बन, लांब किनारा, माणसं कमी. मात्र रात्री नऊनंतर तिकडून शहरात यायला रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. काळबादेवी, आरे, नेवरे या बाजूची घरं सुंदर आहेत, पण ती गाडीवाल्यांसाठी. कुवारबावला फक्त पहाटेची गाडी पकडायची असेल तरच राहा.

जाहिरातीत ‘समुद्रापासून पाच मिनिटं’ लिहिलेलं असतं. चालत की गाडीने, एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर थोडं थांबून येतं.

फोनवर काय विचारायचं

इकडचे बरेचसे निवास घरगुती आहेत. पुढे मालकांचं घर, मागे किंवा वरच्या मजल्यावर दोन-चार खोल्या. जांभ्याच्या भिंती, कुठे अजून कौलं, बाजूला आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. अशा घरात हॉटेलची रीत चालत नाही, आणि चालवायचीही नाही. फोन उचलणाऱ्या काकूच बऱ्याचदा स्वयंपाकही करतात. त्यामुळे दुपारी बारा ते दोन फोन करू नये. सकाळी दहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर केलात तर सावकाश बोलणं होतं.

पहिला प्रश्न पाण्याचा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळाला जातात, हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरतं, डोंगरातून वाहून खाडीला जातं, साठून राहत नाही. शहराला पाणी मुख्यतः शीळ धरणाचं येतं आणि कडक उन्हाळ्यात ते दिवसाआड होऊ शकतं. म्हणून मार्च ते मेमध्ये येणार असाल तर थेट विचारा: पाणी नळाचं, विहिरीचं की बोअरचं? टाकी किती लिटरची, आणि त्या टाकीवर खोल्या किती? हजार लिटरच्या टाकीवर चार खोल्या आणि सोळा माणसं असली तर सकाळी नऊला नळ कोरडा पडणार, हे गणित कुणालाही जमेल. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात, चहा फाटल्यासारखा लागतो. आंघोळीला ते चालतं. पिण्याला वेगळं पाणी आहे का, ते विचारून ठेवा.

गरम पाण्याचं दुसरं. बंब असेल तर सकाळी सहा ते नऊ भरपूर पाणी, त्यानंतर सांगावं लागतं. सोलर असेल तर जून ते सप्टेंबर त्यावर विसंबू नका. गीझर असेल तर वीज आहे तोवर.

वीज हा तिसरा प्रश्न. वादळी पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की दोन-चार तास गेले. ‘इन्व्हर्टर आहे’ म्हणजे दिवे आणि पंखे चालतील. एसी त्यावर चालत नाही, आणि मे महिन्यात रात्री तोच फरक जाणवतो. पंखा छताचा आहे की भिंतीवरचा, खिडकीला जाळी आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. डास आगरातल्या पाटाच्या पाण्यावर वाढतात, ते नसतील अशी अपेक्षाच ठेवू नये.

बरोबर वयस्कर माणसं असतील तर संडास कमोडचा आहे का आणि खोलीला जोडून आहे का, ते संकोच न करता विचारा. जुन्या घरांत तो मागीलदारी असतो, मध्ये जांभ्याच्या दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढतं. आतापर्यंत कोकणातल्या सहली याच पायऱ्यांवर सर्वाधिक वाया गेल्या असतील. पाखाडीवरूनही, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरूनही, पावसात उतरताना बूट नको, जुनी रबरी चप्पलही नको. पट्ट्याची, खाचेरी तळाची सॅंडल घाला आणि पाऊल आडवं टाका.

जेवण शाकाहारी की दोन्ही, हे गृहीत धरू नका. बऱ्याच घरी मासे शिजवत नाहीत, आणि बाहेरून आणून खोलीत खाल्लेलेही चालत नाहीत. ज्या घरी शिजवतात तिथेही सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, श्रावण असे वार आणि पाळण्या असतात. आधी विचारलं की कुणाचीच अडचण होत नाही.

मग पैसे. दर खोलीचा की माणशी? जादा गादीचे किती? लहान मुलाचं वय कितीपर्यंत धरत नाहीत? चहा-नाश्ता त्यात आहे का? शेवटी ‘म्हणजे आम्हा चौघांचे दोन रात्रींचे एकूण किती?’ असं विचारून तो आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागा. इसार साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे द्यावेत. पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला देऊ नये, निदान ओळखीतून आलेलं घर नसेल तर. यूपीआयने पाठवताना पडद्यावर येणारं नाव आणि फोनवर बोललेल्या माणसाचं आडनाव जुळतं का ते बघा. दुसऱ्याच्या निवासाचे फोटो लावून आणि नकाशावरचा नंबर बदलून इसार उकळणारे लोक दिवाळी आणि नाताळच्या आधी हमखास उगवतात. उपाय सोपा: व्हिडिओ कॉल करून ओटी, खोली आणि दारातला रस्ता दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात काही वाटत नाही, आणि खोट्याचा फोन नेमका तेव्हाच कटतो.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची झेरॉक्स द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली, मास्क्ड प्रत द्या. बरोबर परदेशी पाहुणा असेल तर घरमालकाला २४ तासांच्या आत ‘फॉर्म सी’ ऑनलाइन भरावा लागतो. बऱ्याच छोट्या घरांना ही व्यवस्था जमत नाही, म्हणून ते आधीच सांगा. दारात पोचल्यावर नाही.

पोचण्याची वेळ आणि खोलीची वेळ

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या पहाटे उजाडायच्या आत रत्नागिरीला टाकते. रात्रीच्या खासगी बसगाड्यांपैकी काही थेट गोव्याकडे जाणाऱ्या असतात आणि तुम्हाला शहरापासून बारा-तेरा किलोमीटर अलीकडे हातखंब्याला, अंधारात उतरवतात. खोली मात्र अकरा-बारा वाजता मिळते. यावर तीन मार्ग आहेत. एक, आदल्या रात्रीपासून खोली घेणे, म्हणजे एका रात्रीचे पैसे जास्त. दोन, निवासात आधी सांगून ओटीवर सामान ठेवणे आणि पडवीतल्या न्हाणीत तोंड धुऊन सरळ फिरायला बाहेर पडणे. घरगुती ठिकाणी याला सहसा नाही म्हणत नाहीत, पण पहाटे पाचला कडी वाजवणार असाल तर रात्रीच कल्पना द्यायला हवी. तीन, सकाळी मुंबईहून निघणारी जनशताब्दी धरणे, म्हणजे सामान घेऊन दुपारच्या आत, खोली रिकामी व्हायच्या सुमारास तुम्ही दारात.

स्टेशन कुवारबावला, बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. रिक्षा मीटरवर जात नाहीत, बसण्याआधी भाडं ठरवा. आदल्या दिवशी काकूंनाच ‘स्टेशनवरून तुमच्याकडे किती घेतात?’ विचारून ठेवलं की घासाघीस करावी लागत नाही. एसटीची शहर बससेवाही आहे. शहरातल्या आणि जवळपासच्या गावांच्या गाड्या रहाटाघर स्टँडवरून सुटतात, लांब पल्ल्याच्या मध्यवर्ती स्टँडवरून. दोन वेगळे स्टँड आहेत हे माहीत नसल्याने चुकलेल्या गाड्या पुष्कळ. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. त्यासाठी ओळखपत्र पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्यांचं काही मिनिटांत संपतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं: दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. जुन्या तिकिटावरची वेळ बघून स्टेशनवर जाऊ नका. कोल्हापूरहून आंबा घाटाने येणाऱ्यांनी पावसाळ्यात संध्याकाळी पाचच्या आत घाट उतरावा. धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नाही.

भरतीची वेळ बोटांवर

रत्नागिरीतला दिवस घड्याळावर आखला की बिघडतो. तो भरती-ओहोटीवर आखावा. त्यासाठी ॲप लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात आजची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा; तेवढ्या वाजता भरती पूर्ण असते, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. तृतीया असेल तर सव्वादोन. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कुठे जायचं ते ठरवायला पुरतो.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारच्या आत होऊन जाते आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला, सूर्यास्ताच्या तोंडावर येते. शिवाय ते उधाणाचे दिवस. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच मागेही हटतं. म्हणजे संध्याकाळी वाळूवर लांब चालायचं असेल, मुलांना खेळवायचं असेल, तर हेच दिवस. ओली घट्ट वाळू मिळते, भाट्याचा किनारा दुप्पट रुंद होतो. खाडीच्या बाजूला बायका चिखलात वाकून मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढताना दिसतात. मालवणकडचे त्यांना तिसऱ्या म्हणतात, आणि नावावरून वाद घालायला दोन्हीकडचे तयार असतात.

अष्टमीच्या आसपास उलटं. भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, पण भरती नेमकी सूर्यास्ताला. त्या संध्याकाळी वाळूवर जाण्यापेक्षा उंचावर जा: रत्नदुर्ग किंवा थिबा पॉइंट. वाळू दुपारी बाराला मोकळी असते, तेव्हा उन्हात तिथे कोणी जात नाही.

मिऱ्याच्या पांढऱ्या समुद्राला तर भरतीची वेळ बघितल्याशिवाय जाऊच नये. उधाणाच्या भरतीला पाणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांना येऊन भिडतं, वाळू उरतच नाही. मांडवीची वाळू काळी, इकडची पांढरी. एकाच शहरात हे दोन रंग ओहोटीला बघण्यासारखे आहेत.

पोहण्याबद्दल थोडक्यात आणि ठामपणे. आरे-वारे आणि गणपतीपुळे इथे पोहू नका. तिथला तळ एकदम उतरतो आणि परत जाणाऱ्या पाण्याला जबर ओढ असते. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते, तो बसतो आणि पुढची लाट त्याला आत नेते. ओहोटी लागल्यावर ही ओढ वाढते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. दम संपतो आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. पाठीवर तरंगा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका. जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊलही नको. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. वरून कडक दिसणाऱ्या वाळूखाली ओल असते, चाक फिरवलं की आणखी रुततं आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

शहरात काय बघायचं, कुठल्या वेळी

थिबा राजवाडा सकाळी दहानंतर बघा, सोमवार टाळा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा मात्र १९१० साली बांधून झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम शेवटची सहा वर्षं तो इथे राहिला. लाकडी कमानी, रंगीत काचा, आत संग्रहालय. आवर्जून बघायची गोष्ट म्हणजे वरच्या सज्ज्यातून पश्चिमेला काय दिसतं ते: खाडी, पूल, पलीकडे समुद्र, आणि घरी जायचा कुठलाच रस्ता नाही. राजाची कबर शहरातच आहे, तिथे फारसं कोणी जात नाही. एक तास पुरे.

टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत. २३ जुलै १८५६ चा जन्म या घरातला. अर्धा तास लागतो. कोकणी घराची रचना समजून घ्यायला हे घर चांगलं आहे: ओटी, माजघर, मागची पडवी हे शब्द इथे डोळ्यांनी वाचता येतात. जवळच पतितपावन मंदिर, १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने बांधलेलं. सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश हा त्याचा हेतू. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. ही दोन ठिकाणं आणि राम आळीतली खरेदी एकाच फेरीत, पायी होतात. गाडी मात्र बाजारात आणू नका.

झाडगावचं मत्स्यालय कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं आहे. मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. देवमाशाचा सांगाडा बघून ती गप्प होतात. पाऊस कोसळत असलेल्या सकाळीही ही जागा उपयोगी पडते.

रत्नदुर्गासाठी दुपारी चारनंतर निघा. किल्ला तीन बाजूंनी पाण्यात, घोड्याच्या नालेसारखा. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. देवळाच्या मागच्या तटावरून खाली बंदरात शिरणाऱ्या होड्या दिसतात. तटाच्या कडेला सावली नाही आणि कठडा सगळीकडे नाही. मुलांचा हात सोडू नका, आणि वारा असलेल्या दिवशी टोपीचाही नाही. अंधार पडायच्या आत उतरा.

खाण्यापिण्याचं

घरी मासे हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगा, कारण सकाळी बाजारात गेल्यावरच काय मिळेल ते ठरतं. ‘सुरमईच पाहिजे’ असा हट्ट धरला तर महाग पडतं आणि कधीकधी बर्फातली मिळते. ‘सकाळी ताजं काय असेल ते आणा’ म्हटलंत तर बांगडा, मोदकं, कर्ली, सौंदाळे असं काहीतरी येईल आणि ते जास्त चांगलं लागेल. दर बाजारभावाप्रमाणे बदलतो, आधी विचारा. ताजी मासळी स्वतः घ्यायची तर कल्ला उघडून बघा: लाल हवा, बोटाने दाबलेला खळगा भरून यायला हवा, डोळा फुगीर हवा, खोल गेलेला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत खाडीची मासळी, सुकट आणि बर्फातला माल, एवढंच. त्या काळात शाकाहारी जेवा: कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, टाकळा, घावनं.

उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. पिठी, नारळ, उकड, सगळं वेळेचं काम आहे, आणि ‘बसल्या बसल्या चार करून द्या ना’ हे काकूंना ऐकवू नये.

शहराबाहेरचे दोन दिवस

उत्तरेला एक दिवस, दक्षिणेला एक. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका, कारण दोन्ही वाटा परत शहरात येऊनच जोडतात.

उत्तरेला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे साधारण पंचवीस किलोमीटर. निवळीवरून महामार्गाचा रस्ता याहून बराच लांबचा. रात्री किंवा जोरदार पावसात मात्र तोच बरा. टाकी शहरात भरून घ्या. वारेच्या वरच्या वळणावर फोटोसाठी गाडी थांबवायची तर वळण संपल्यावर थांबवा. गणपतीपुळ्याला देवाची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीची, साधारण एक किलोमीटर, अनवाणी. मार्च ते मेमध्ये दुपारी फरशी तापलेली असते. सकाळी नऊच्या आत करा, नाहीतर पायमोजे ठेवा. अंगारकीला आणि सलग सुट्ट्यांत इथे येऊच नये. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, त्यांच्याच घराच्या परिसरात. कवितेत रस असो-नसो, आवार सुंदर आहे. जयगडला किल्ला आणि दीपगृह. गुहागरकडे जायचं असेल तर जयगडहून तवसाळला गाडीसकट फेरीबोट जाते, चिपळूणचा वळसा वाचतो. मात्र शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवशी विचारून घ्या.

दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस, सुमारे वीस किलोमीटर. स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. त्यांनी १९७४ साली देह ठेवला. तिथे मोठ्याने बोलू नये. गणेशगुळ्याचा किनारा शांत आहे. पुढे मुचकुंदी खाडीच्या मुखावर पूर्णगड, छोटा, अर्ध्या तासात पाहून होणारा, आणि आणखी पुढे कशेळीचा कनकादित्य. दिवस लहान असेल तर पूर्णगडावरून परत फिरा.

कातळशिल्पांचं वेगळं. सड्यावर जांभ्यात कोरलेली ही चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षीचा हत्ती त्यातला सहज बघता येणारा. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा: ऊन तिरपं असलं की कोरीव रेघेत सावली पडते आणि आकृती दिसते. भर दुपारी समोर उभं राहूनही नुसता दगड दिसतो. रेषेवर पाय देऊ नका, रेघ ठळक व्हावी म्हणून खडू किंवा पाणी ओतू नका. घोट्याच्या वर येणारे बूट घाला. सड्यावर फुरसं असतं, विषारी साप, वीतभर ते हातभर लांब, रंग दगडाचाच. दगड उलटू नका, गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालू नका. चावलं तर कापाकापी, आवळून बांधणं असले उद्योग न करता माणसाला हलू न देता जिल्हा रुग्णालयात न्या. मुक्कामाच्या खोलीतही बाहेर ठेवलेले बूट झटकूनच घालावेत.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. २४ डिसेंबर ते १ जानेवारी तेवढे वगळून. गणपतीत येऊ नका. चाकरमानी आलेले असतात, घरमालकांच्या स्वतःच्या घरी गणपती असतो आणि खोल्या त्यांच्याच पाहुण्यांनी भरतात. शिमग्याला मात्र या, खोली महिनाभर आधी ठरवून. ग्रामदैवत भैरीची पालखी निघते तेव्हा रस्ते बंद होतात. त्या दिवशी गाडी विसरून चालायचं.

आंब्यासाठी येणार असाल तर १५ एप्रिलनंतर. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात कर्नाटकचा आंबा त्याच पेटीत, त्याच नावाने बसतो. पेटी शक्यतो बागेतून किंवा मुक्कामाच्या घराच्या ओळखीतून घ्या. पेटीत आकारानुसार चार ते सात डझन. डझन जितके कमी, फळ तितकं मोठं. घरी नेऊन खायचा तर तयार पण हिरवा घ्या. पोचल्यावर पेटी बंद ठेवू नका, गवत पसरून फळं एका थरात मांडा, दोन दिवसांनी परता; आठ-दहा दिवसांत पिकतो. देठाजवळ वास सुटला, त्वचा किंचित सुरकुतली, की कापा. आत पांढरट, स्पंजासारखा साका निघाला तर विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. तो बाहेरून त्यालाही दिसत नाही. डझनात एखादं फळ तसं निघायचंच.

कोकमाचं घ्याल तर अमृत कोकम आणि आगळ यांतला फरक समजून घ्या. पहिलं साखरेचं, सरबताचं. दुसरं मिठाचं, सोलकढीचं. पाण्यात घालून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. आगळाची बाटली वरपर्यंत भरलेली घेऊ नका, टोपणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवा, वर पिशवी बांधा आणि रेल्वेत ती उभीच ठेवा. त्याचा डाग कपड्यावरून जात नाही.